आमेनच्या आधी

रविवारची उपासना आटोपून सगळे घरी आले तेव्हा सूप गरम होतं, पाव कापून ठेवलेला होता, आणि तरी कोणी चमच्याला हात लावत नव्हतं. प्रार्थनेआधी घास उचलायचा नाही हे या घरात होतंच. पण आज दादानं प्रार्थनेच्याही आधी एक विषय काढला होता.

"उद्या सकाळी लाँड्रीत सरकारी तपासनीस येतायत," तो म्हणाला. "सगळ्यांनी एकच सांगायचं. आत्ताच ठरवून टाकू, म्हणजे जेवण तरी अंगी लागेल."

बाबा गेल्यापासून लाँड्रीही दादाच्या हातात होती आणि प्रार्थनाही. दोन्ही तो मन लावून करायचा, आणि दोन्हींमध्ये कोणी मध्ये बोललेलं त्याला खपायचं नाही. त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. प्रार्थना तोडायची नाही हा या घराचा कायदाच होता. आजोबांच्या वेळी एकदा जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना मांजर टेबलावर चढलं आणि तळलेला अख्खा मासा घेऊन खिडकीतून पसार झालं. सगळ्यांनी एकेक डोळा किलकिला करून ते पाहिलं, पण आमेन होईपर्यंत कोणी हललं नाही. मग आजोबांनी पोरांच्या संयमाबद्दल देवाचे आभार मानायला दुसरी प्रार्थना केली आणि सगळ्यांनी कोरडा पाव खाल्ला. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला ही गोष्ट ऐकवतात. आईला तिच्या सासूनं ऐकवली होती, आईनं ती वहिनीला ऐकवली. मासा मांजरानं खाल्ला याचं कोणालाच काही वाटत नाही.

"म्हणजे मी बॉयलर पेटवला नव्हता असं सांगायचं का?" धाकट्यानं विचारलं. लाँड्रीचा बॉयलर तो सांभाळायचा, म्हणून त्याला घरीदारी वाफ्या म्हणत.

"पेटवला होतास. पण रोलरला वाफ सोडली नव्हतीस."

"बरं. बॉयलर पेटवून मी त्याच्याशी गप्पा मारत बसलो होतो."

कोणी हसलं नाही. एरवी वाफ्याच्या विनोदावर निदान ताई तरी हसायची.

गुरुवारी काय झालं ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रोलर म्हणजे इस्पितळाच्या चादरी वाळवून इस्त्री करणारं धूड. एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. तो तापायला वेळ लागतो आणि तापताना फिरता ठेवावा लागतो, नाहीतर त्याच्यावरचं कापड एका जागी करपतं. बाबा असताना दिवस सुरू व्हायचा तो थंड रोलरपाशी. कामगार आपापल्या जागी उभे राहायचे, बाबा प्रार्थना म्हणायचे आणि आमेन झाल्यावर वाफ सोडली जायची. बाबांच्या माघारी दादाच्या लक्षात आलं, की रोलर तापतोय तोवर प्रार्थना केली तर सकाळचा तेवढा वेळ हाती लागतो. लागला. त्या वेळात आणखी एका इस्पितळाचं काम बसलं. मग रोज सगळे फिरत्या रोलरला खेटून डोळे मिटून उभे राहू लागले, आणि यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर ते मनातच राहिलं.

गुरुवारी प्रार्थना चालू असताना मावशीच्या एप्रनची नाडी रोलरमध्ये ओढली गेली. मावशी नात्यातली नव्हे. बाबांच्या काळापासून रोलरवर चादरी घालणारी, आणि म्हणून सगळ्यांची मावशी. नाडी सोडवायला तिनं उजवा हात पुढे केला, आणि नाडीपाठोपाठ हातही आत गेला.

"प्रार्थनेच्या वेळी रोलर बंद असतो," दादा एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "मावशीनं घाई केली. आमेन व्हायच्या आधीच बटण दाबलं. बस्स, एवढंच सांगायचं."

"म्हणजे चूक तिची," ताई म्हणाली.

"तसं मी म्हणत नाहीये."

"तसंच नोंदलं जाईल, दादा. तिला भरपाई मिळणार नाही, आणि आपल्याच घाईनं हात घालवून बसलेल्या बाईला पुढे काम कोण देईल?"

"मी तिला वाऱ्यावर सोडणार आहे का? दर महिन्याला काहीतरी पोचवीन. कुठे वाच्यता न करता. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं शास्त्रातच आहे."

"तिला उजवा हात उरलाय कुठे?"

ताई इस्पितळात परिचारिका होती आणि मावशी तिच्याच वॉर्डात होती. रोजचं ड्रेसिंग तीच करायची. अंगठा आणि करंगळी वाचली होती. बाकीचं दादानं डोळ्यांनी पाहावं अशी तिची फार इच्छा होती, पण दादा फुलं घेऊन आला तो दारातूनच परत गेला होता.

"काल पट्टी बदलताना ती मला काय म्हणाली सांगू?" ताईचा आवाज आता चढला होता. "म्हणाली, मी ओरडले नाही गं, प्रार्थना चालू होती ना. हात आत जातोय, आणि ही बाई आवाज करत नाही, का, तर दादांची प्रार्थना मोडेल."

मग दादा शांतपणे म्हणाला, "तुझ्या इस्पितळाचं काम आपल्याला कोणाच्या शब्दावर मिळालं?"

ताईनं बशीतला पाव जवळ ओढला.

"तुझ्या. आमची माणसं देवभीरू आहेत, त्यांच्याकडे डोळे झाकून काम द्या, असं तू मेट्रनना सांगितलंस. उद्या इथे टाळं लागलं तर त्या आधी कोणाला बोलावून घेतील?"

हे खरं होतं. मेट्रन या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेसाठी ताईचं नाव पुढे होतं. दादानं त्या जागेचा विषय काढला नाही, काढायची गरजच नव्हती. ताईनं पावाचा तुकडा मोडला, प्रार्थना झाली नाही हे आठवून परत ठेवला, आणि खिडकीबाहेर बघू लागली. मघाचा तिचा राग कुठे गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. स्वतःची लाज मात्र वाटली.

दादानं बायकोकडे पाहिलं. तिला घरातले सगळे वहिनी म्हणत, अगदी सासूसुद्धा. ती लाँड्रीचं ऑफिस बघायची, आणि ऑफिसच्या काचेतून समोरच रोलरचं बटण दिसायचं.

"तू काचेतून पाहिलंस. बटण बंद होतं."

"शपथ घ्यायला लावतील का हो?" वहिनीनं विचारलं.

"लावली तर घ्यायची."

वहिनी रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. त्याच सकाळी तिनं शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष म्हणजे काय ते पोरांना समजावलं होतं. एका पोरानं विचारलं होतं, शेजारी आवडत नसेल तर? ती हसली होती. आत्ता ती म्हणाली, "बरं."

वहिनीच्या 'बरं'वर हे घर उभं होतं. ती किती वेळा बरं म्हणाली आहे हे मोजायच्या भानगडीत ती स्वतःही पडली नव्हती.

"आणि आई, तू काही पाहिलं नाहीस," दादा म्हणाला. हे त्यानं विचारलं नव्हतं. "तुझे डोळे मिटलेले होते."

आईनं मांडीवरचा रुमाल सरळ केला. नवऱ्यामागेही ती रोज लाँड्रीत जायची आणि प्रार्थनेला रोलरच्या टोकाशी, बटणापाशी उभी राहायची, कारण बाबा तिथे उभे राहायचे. गप्प राहणं ही तिची ख्यातीच होती. ताईचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ती म्हणाली, देव आहे. वाफ्या दोन वर्षं दारूत बुडाला तेव्हाही म्हणाली, देव आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायका तिला श्रद्धेचा डोंगर म्हणत. डोंगराचं एक बरं असतं, त्याला कुठे जावं लागत नाही.

ती काही बोलली नाही, म्हणजे ती कबूल आहे असं दादानं नेहमीप्रमाणे धरलं. त्यानं हात जोडले. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," दादानं सुरुवात केली, "या अन्नासाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या घरावर आलेलं हे संकट तू पाहतोस. उद्या आमच्या तोंडी योग्य शब्द घाल. आमच्या मावशीला तुझी इच्छा स्वीकारायचं बळ दे..."

आईचे डोळे उघडे होते. खाली गेलेल्या चार माना तिला दिसत होत्या. गुरुवारी तिला अशाच माना दिसल्या होत्या, थोड्या जास्त, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी नाडी हळूहळू आत चाललेली.

"थांब," ती म्हणाली.

दादाला वाटलं तिला ठसका लागला. तो पुढे चालू राहिला. "...आणि तिच्या मनात कोणाविषयी कटुता..."

"थांब म्हणते ना."

एकेक करून सगळ्यांचे डोळे उघडले. या टेबलावर असं कधी झालं नव्हतं, मांजराच्या दिवशीही नाही.

"आई, प्रार्थना चालू आहे," दादा म्हणाला.

"म्हणूनच थांब. गुरुवारी मी थांबवली नाही." तिनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "माझे डोळे उघडे होते. नाडी आत जाताना मी पाहिली. बटण माझ्या हाताशी होतं. मला वाटलं, आता आमेन होईल, मग सांगते. तर तू चर्चच्या पाळकसाहेबांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना घेतलीस."

वाफ्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ते हसू नव्हतं.

"मग त्यांच्या गुडघ्यानंतर पावसासाठी घेतलीस. आमेन झालं तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत आत होता. ती माझ्याकडे बघत होती. तीसुद्धा आमेनचीच वाट बघत होती रे. आम्ही दोघी म्हाताऱ्या, एकमेकींकडे बघत, शहाण्यासारख्या उभ्या."

"आई," दादा खालच्या आवाजात म्हणाला, "तुला धक्का बसलाय."

"हो. जरा उशिराच बसला."

"आपण हे देवावर सोपवू या."

"देवानं आधीच आपल्यावर सोपवलंय. त्यानं मला डोळे दिले, तोंड दिलं, बटणापाशी उभं केलं. आणखी काय करायचं होतं त्यानं? स्वतः येऊन बटण दाबायचं?" ती थांबली, आणि मग जणू स्वतःशीच म्हणाली, "शास्त्रातल्या गोष्टीत रस्त्यात पडलेल्या त्या जखमी माणसाच्या बाजूनं मंदिरातला तो याजक निघून गेला ना, लहानपणापासून मला वाटायचं, किती दुष्ट असेल. आता वाटतं, दुष्टबिष्ट काही नसेल. प्रार्थनेला चालला असेल बिचारा. उशीर होत असेल."

"तू उद्या हे बोललीस तर लाँड्री बंद पडेल. बाबांची लाँड्री."

"बाबांची लाँड्री थंड रोलरपाशी सुरू व्हायची."

दादा उठून उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण आईवर ओरडायची त्याला सवय नव्हती. "कामगारांचं काय? त्यांच्या घरी चूल कशी पेटेल? हे सगळं मी माझ्यासाठी करतोय का? सकाळी सगळ्यात आधी कोण येतं, सगळ्यात शेवटी कोण जातं?"

"तू," आई म्हणाली. "कष्टात तू बाबांच्या वरचढ आहेस. म्हणून तर तू म्हणशील त्याला आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आता नाही डोलावणार. उद्या तू सांग, नाहीतर मी सांगते."

"मीही सांगणार नाही," वहिनी म्हणाली.

तिचा आवाज इतका हळू होता की दादाला आधी कळलंच नाही ती कोणाच्या बाजूनं बोलतेय. "काय सांगणार नाहीस?"

"बटण बंद होतं, असं. मी चालू पाहिलंय. रोज बघते."

"मघाशी बरं म्हणालीस ना?"

"सवय आहे हो," वहिनी म्हणाली. "तोंडातून निघून जातं."

दादा कोट उचलून बाहेर पडला. दार त्यानं आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं, आणि ते जास्त लागलं. शेवटी वाफ्या म्हणाला, "आता जेवायचं की नाही? आमेन झालेलं नाही."

"जेवा," आई म्हणाली. "सूप गार होतंय."

दादा त्या रात्री लाँड्रीच्या ऑफिसातच आडवा झाला होता. सकाळी त्याचा शर्ट चुरगळलेला होता, आणि लाँड्रीच्या मालकाचा शर्ट चुरगळलेला बघून कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. तपासनीस बाई वेळेवर आल्या. सर्दीनं त्यांचं नाक लाल झालं होतं आणि हातात कापडी रुमाल होता. मावशीच्या जागी आज चादरींच्या घड्या घालणारी कामगार उभी होती. आई नेहमीच्या ठिकाणी, बटणापाशी.

"प्रार्थनेच्या वेळी हे यंत्र चालू असतं का बंद?" बाईंनी विचारलं.

दादानं तोंड उघडलं. रात्रभर त्यानं वाक्य घोटून ठेवलं होतं. ऑफिसच्या काचेपलीकडे वहिनी उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"असं करा," बाई शिंकून म्हणाल्या, "गुरुवारी जसं होतं तसंच मला करून दाखवा."

आईनं कोणाची वाट पाहिली नाही. तिनं बटण दाबलं. वाफ्यानं वाफ सोडली, दादाकडे न बघता. रोलर कुरकुरला आणि फिरू लागला. कामगारांना काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या माना आपोआप खाली गेल्या, डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," दादा म्हणाला. तेही आपोआपच आलं. पण आज त्याला डोळे मिटवेनात. इतक्या दिवसांत त्यानं ही प्रार्थना उघड्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. ओळीनं उभी माणसं, सगळ्यांचे डोळे बंद, सगळ्यांनी जीव त्याच्या हवाली केलेला. घड्या घालणारीच्या एप्रनची नाडी सुटली होती. रोलरच्या वाऱ्यानं ती हलत होती, कापडाला लागेल न लागेल अशी. ती मात्र दादांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत निवांत उभी होती.

"बंद कर," दादा ओरडला. "आई, बंद कर."

आईचा हात बटणावरच होता. रोलर थांबला. कामगारांनी डोळे उघडले आणि काय चुकलं ते कळेना म्हणून पुन्हा दादाकडेच पाहिलं.

"चालू असतं," दादा तपासनीस बाईंना म्हणाला. "रोज चालू असतं. माझ्या सांगण्यावरून. मावशीनं बटण दाबलं नव्हतं." त्याचा आवाज फाटला. "ती बिचारी ओरडलीसुद्धा नाही."

बाईंनी रोलरला सील ठोकलं. त्यात गैर काहीच नव्हतं. दुपारपर्यंत दोन्ही इस्पितळांचे निरोप आले, त्यातला एक चांगला नव्हता. मागच्या अंगणात वाफ्यानं दोर बांधले आणि कामगार ओल्या चादरी त्यावर टाकू लागले. दादानं बाह्या सरसावल्या आणि तोही लागला. काम निभेल का, कामगार टिकतील का, कोणी सांगू शकत नव्हतं. पण चादरीचं दुसरं टोक धरायला वहिनी ऑफिस सोडून आली, आणि दादानं ते तिच्या हातात दिलं.

आई इस्पितळात गेली तेव्हा मावशी उशांना टेकून बसली होती. उजव्या हाताचं पांढरं गाठोडं पोटावर ठेवलेलं. पांघरूण त्यांच्याच लाँड्रीतलं होतं, मावशीच्याच हाताखालून गेलेलं असणार.

आईनं सगळं सांगितलं. नाडी पाहिली होती हेही सांगितलं, आणि ते सांगताना मावशीची नजर चुकवली नाही.

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "तुम्ही बघत होतात. मला वाटलं, बाई गप्प आहेत, म्हणजे गप्पच राहायचं असेल."

आई रडली. मावशीनं तिला रडू दिलं, उगी उगी केलं नाही.

"पण तुम्ही खरंच दादांची प्रार्थना मध्येच तोडलीत?" थोड्या वेळानं मावशीनं विचारलं. तिला हाताच्या गोष्टीपेक्षा हीच मोठी वाटत होती. "जेवणाच्या टेबलावर?"

"तोडली."

"आणि काही झालं नाही?"

"सूप गार झालं."

मावशी हसू लागली, आणि हसताना हात हलला, आणि तिचा चेहरा एकदम आवळला. तिनं ओठ दाताखाली धरले. गुरुवारपासून ती असंच करत होती. परिचारिका विचारायच्या, दुखतंय का, आणि ती नाही म्हणून मान हलवायची.

"दुखतंय?" आईनं विचारलं.

"फार हो." मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुरुवारपासून आत नुसतं कोंडलंय. तेव्हा प्रार्थना चालू होती ना."

"आता नाही चालू," आई म्हणाली. तिनं मावशीचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "ओरड."

"इथे? वॉर्डात?"

"इथेच. मोठ्यानं."

मावशीनं आजूबाजूला पाहिलं. मग तिनं डोळे उघडे ठेवूनच तोंड उघडलं. पहिला आवाज बारीक निघाला, लाजल्यासारखा. दुसरा आला तो पार तळातून आला. समोरच्या खाटेवरचा पेला खाली पडला, वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि टोकाकडून मेट्रन तरातरा चालत आल्या.

ताई मध्ये उभी राहिली. "ओरडू द्या तिला," ती मेट्रनना म्हणाली. "आमच्या लाँड्रीत लागलंय."